हाड वेचताना

अकोल्यात दातांचा दवाखाना चालवणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. दिवाळीच्या आधी तिने एक संमतिपत्र माझ्यापुढे ठेवले. "सर, यातलं मराठी जरा बघता का? परवा एका आजींनी यावर सही करायला साफ नकार दिला." इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेचा तो कागद होता. त्यातले एक वाक्य असे: 'शस्त्रक्रियेदरम्यान रुग्णाच्या स्वतःच्या अस्थींचे संचयन करून त्यांचा पुनर्वापर करण्यात येईल.' व्याकरणावर बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. बार्शीटाकळीकडच्या त्या आजींनी ते नातवाकडून वाचून घेतले आणि डॉक्टरीणबाईंनाच विचारले, "काव माय, माह्या अस्थी म्या जित्ती असतानाच गोया करता का?"

आजींचे बरोबर होते. कागद घेऊन मी अमरावतीला परतलो तो हाच विचार करत, की जे आजींच्या कानाला कळले ते वाक्य लिहिणाऱ्याला का कळले नसावे.

आजच्या मराठीत हाड आणि अस्थी या दोन शब्दांनी आपसांत वाटणी करून घेतलेली दिसते. जिवंत माणसाला हाडे असतात. अस्थी मागे उरतात. दवाखान्याच्या पाटीवर 'अस्थिरोग' चालतो, कारण समासात शिरलेला शब्द निमूट राहतो. पण 'अस्थी' सुटा आला, त्यातही अनेकवचनी आला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कलश येतो, नदीचा घाट येतो. आणि 'अस्थिसंचय' हे तर तिसऱ्या दिवशीच्या विधीचे नावच आहे. आपण ज्याला राख सावडणे म्हणतो तो. संस्कृतात अशी वाटणी नव्हती. तिथे चालत्याबोलत्या माणसाचे हाडही अस्थिच. प्राकृतात त्याचे 'अट्ठि' झाले, पण घरातली जागा दुसऱ्याच शब्दाने घेतली. पुढे 'अस्थि' परत आला तो भटजींच्या तोंडून, मंत्रांबरोबर. म्हणून त्याला चितेचा वास लागला असावा.

हा दुसरा शब्द म्हणजे प्राकृत 'हड्ड'. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने 'देशीनाममाला' रचली, संस्कृतापर्यंत ज्यांची वाट पोचत नाही अशा शब्दांची यादी. तिच्यात हा शब्द आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या त्या थोर वैयाकरणालाही 'हड्ड'चे मूळ 'अस्थि'त दिसले नव्हते. आज पाहावे तर पंजाबीत हड्ड, हिंदीत हाड नि हड्डी, गुजरातीत हाडकुं, बंगालीत हाड़, नेपाळीतही हाड. उत्तरेचा सगळा पट्टा एका शब्दावर उभा आहे. दक्षिणेला तेलुगूत एमुक, तमिळात एलुंबु. त्यांचा याच्याशी काही संबंध दिसत नाही. इथे एक मोह होतो. हित्ती भाषेत हाडाला 'हश्ताइ' म्हणत. ग्रीक 'ओस्तेऑन', लॅटिन 'ओस', अवेस्तातला 'अस्त', फारसी 'उस्तुख्वान' आणि आपला 'अस्थि' या सगळ्यांचा तो थोरला भाऊ. त्याच्या तोंडी 'ह' आहे, आमच्या हाडाच्या तोंडीही 'ह' आहे! पण तो प्राचीन 'ह' आपल्या शाखेत वेदांच्याही आधी गळून गेला होता. तो तीन हजार वर्षांनी प्राकृतात अचानक उगवेल, असे मानायला माझे मन धजत नाही. हे साम्य केवळ योगायोगाचे असावे. तरी वाचकांपैकी कुणाला वेगळी वाट सापडली तर मला हवीच आहे.

आणि 'अट्ठि' अगदी नाहीसा झाला असेही नाही. कोकणात फणसाच्या बीला आठळी म्हणतात. तिच्या मुळाशी 'अष्ठीला' असेल किंवा 'अस्थि'ला लागलेला 'ल' असेल. दोन्हींचा अर्थ शेवटी कठीण गोटा हाच. फळातल्या कठीण भागाला अस्थि म्हणण्याची रीत जुनी आहे. पालीत आंब्याच्या कोयीला 'अट्ठि'च म्हणत. सुश्रुताने शारीरस्थानात गर्भाची वाढ समजावताना आंब्याचाच दाखला घेतला आहे. पिकलेल्या आंब्यात केसर, मांस, अस्थि, मज्जा वेगवेगळी दिसतात. कोवळ्या कैरीतही ती असतातच, फक्त सूक्ष्म असल्याने दिसत नाहीत. आंब्याचे मांस म्हणजे गर, अस्थि म्हणजे कोय, मज्जा म्हणजे कोयीच्या आतला गाभा. आता फारसीकडे वळा. तिथे 'मग़्ज़' म्हणजे मेंदूही आणि बीच्या आतला गाभाही. अवेस्तात तो 'मज़्ग', म्हणजे आपल्या मज्जेचा सख्खा भाऊ. मराठीने दोघांनाही घरात घेतले. हाडात मज्जा राहिली, आणि लाडवावर पेरायला खरबुजाच्या बियांचा मगज आला. दोघे भाऊ इतक्या लांबच्या वाटांनी आले की एकमेकांना ओळखतही नसावेत. 'उस्तुख्वान' मात्र आलाच नाही. वऱ्हाडावर एलिचपूरची इमादशाही होती, मग अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचे निजाम असा फारसीचा शेकडो वर्षांचा अंमल. दप्तर, शिक्का असे सारे आले, पण हाड हाडच राहिले. अंगाच्या आतल्या वस्तूंची नावे भाषा सहसा उसनी घेत नाहीत.

'हाडाचा' या षष्ठीतही हेच आहे. हाडाचा शेतकरी, हाडाचा मास्तर. जो शिकून झालेला नाही, जन्मतः आहे, तो हाडाचा. सोयरीक जुळवताना जुनी माणसे हाड पाहतात म्हणजे कुळाचे मूळ पाहतात. संमतिपत्र लिहिणाऱ्याला 'रुग्णाच्या स्वतःच्या' एवढे सगळे लिहावे लागले, कारण इम्प्लांटच्या धंद्यात परके हाडही असते: दुसऱ्या माणसाचे, गुराचे, किंवा कारखान्यात बनवलेले. पेशंट विचारतात, हे कशाचं? आपल्या हाडाचा फायदा असा की त्यात जिवंत पेशी असतात, आणि नवे हाड घडवायला शेजारच्या पेशींना हाक घालणारी द्रव्येही असतात. ही हाक प्रयोगातून दाखवली मार्शल युरिस्ट या अमेरिकन शल्यविशारदाने, १९६५ साली. त्याच १९६५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांटचे टायटॅनियमचे स्क्रू बसवले.

माझी स्वतःची खालची दाढ दोन वर्षांपूर्वी गेली होती. दंष्ट्रा, दाढा, दाढ, अशी तिची वंशावळ सरळ आहे. पोकळी मात्र वाकडी झाली होती. संमतिपत्राच्या निमित्ताने मी माझ्या विद्यार्थिनीच्याच खुर्चीत बसलो. आधी कळले पाहिजे कशाला काय म्हणायचे ते, मगच लिहिता येते.

दात जिथे बसतो त्या खळग्याला चरकाने काय नाव दिले आहे? दन्तोलूखल. दातांचे उखळ! चरकाच्या ३६० हाडांच्या यादीत बत्तीस दात आहेत आणि बत्तीस उखळेही आहेत, वेगळी मोजलेली. सुश्रुताने शल्यतंत्राच्या हिशेबाने हाडे ३०० मानली आणि त्यांचे पाच प्रकार केले: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. दात हे त्याच्या मते रुचक. उखळाचे रूपक मला फार आवडते, कारण त्यात बघणाऱ्याची नजर आहे. दात काढल्यावर उरणारा तो गोल, जाड कडांचा खड्डा ज्याने पाहिला, त्याला घरातले कांडण्याचे उखळ आठवले. लॅटिन 'आल्विओलस'ही लहान पोकळीच. पण त्यात कांडणे नाही. आमच्या उखळात मुसळही आपसूक येते, आणि दात मुसळासारखा बसतो. माझ्या विद्यार्थिनीला मी हे खुर्चीतूनच सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "सर, आता तोंड उघडं ठेवा आणि गप्प बसा."

नवे उखळ खोदायचे तर लाकडाला भोक पाडतात तसेच. सुतार ज्याला गिरमिट म्हणतो तो इंग्रजीचा गिमलेट. बर्मा मात्र कोड्यात टाकतो: फारसीत 'बरमाह' आहे आणि पोर्तुगीजात 'व्हेरुमा'. पश्चिम किनाऱ्यावरून आला की खैबरच्या वाटेने आला, हे मी ठरवू शकत नाही. तरी वऱ्हाडातल्या बर्म्यापुरता माझा कल फारसीकडे आहे. जबड्यात एरवी हे यंत्र पाण्याच्या धारेखाली वेगाने फिरवतात, कारण हाड तापले तर मरते. ४७ अंश सेल्सिअस एक मिनिटभर टिकले तरी इजा होते. पण हाड वेचायचे असेल तर ते अगदी सावकाश, पाण्याशिवाय फिरवतात. मग निघालेला चुरा वाहून न जाता गिरमिटाच्या खाचांत साचतो. मागच्या बाजूने, अक्कलदाढेच्या पलीकडून, थोडे हाड वाकड्या पात्याने खरवडूनही घेतात. खरवडणे म्हणताना मला दुधाच्या पातेल्याची खरवड आठवली. ती कुणी टाकून देत नाही. पोरे तिच्यासाठी भांडतात.

तिने छोटी काचेची वाटी पुढे धरली. सलाइनमध्ये भिजलेला, किंचित गुलाबी, जाडसर रव्यासारखा काहीतरी पदार्थ होता, चहाचा चमचाही भरला नसता. "हे तुमचंच." चाळीस वर्षे मी ज्या जबड्याने वर्गात बोललो त्याचा तो चिमूटभर भाग होता. लाकडातून निघतो तो भुसा, आणि भुसा म्हणजे संस्कृत 'बुस', कोंडा, टाकायची वस्तू. याला भुसा म्हणवेना. चुरा म्हणावे? चुरा हा 'चूर्ण'चा आप्त. 'चूर्ण'चे प्राकृतात 'चुण्ण' झाले आणि त्याच्या एका फांदीला चुना लागला, दुसरीला चून. चून म्हणजे पीठ. आमच्या वऱ्हाडात तर चून-भाकर म्हणजे बेसनाचे घट्ट चून आणि ज्वारीची भाकर. हाडाचा खनिज भाग म्हणजे मुख्यतः कॅल्शियमचे फॉस्फेट, आणि कॅल्शियमला नाव मिळाले ते लॅटिन 'काल्क्स'वरून, म्हणजे चुन्यावरून. त्या वाटीत चूर्ण, चुना आणि चून तिघे एकत्र होते. पाणी काढून टाकल्यावर तो चुरा खरोखर चुनासारखा घट्ट झाला आणि बोटासारख्या अवजाराने थापून बसवता आला.

स्क्रू बसला. आता यातला शास्त्राचा गमतीदार उलटा डाव बघा. ज्या विद्येत हे सगळे येते तिचे नाव शल्यतंत्र. शल्य म्हणजे बाणाचे टोक, काटा, शरीरात रुतलेली परकी वस्तू, आणि ती काढण्याची विद्या ती शल्यविद्या. मनात रुतून बसते त्याला आपण सल म्हणतो, तोही याच शल्याचा प्राकृत अवतार असावा. इम्प्लांटमध्ये तर डॉक्टर स्वतःच शल्य आत घालतात आणि शरीराने ते सलू नये म्हणून भोवती त्याच शरीराचे हाड भरतात. 'रोपण' हा शब्द इथे फार नेमका पडतो. आयुर्वेदात रोपण म्हणजे जखम भरून आणणे, व्रणरोपण; शेतीत रोपण म्हणजे रोप लावणे. दोन्हींच्या मुळाशी 'रुह्', वर येणे, उगवणे. दंतरोपण म्हणताना आपण नकळत दोन्ही म्हणतो.

पण हाड भरणे याला काय म्हणावे? दवाखान्यात सगळे ग्राफ्ट म्हणतात. मला थेट कलम आठवला. अमरावती जिल्ह्याचा माणूस कलमापासून दूर जाऊच शकत नाही. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटला संत्र्याच्या रोपवाटिका आहेत. जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट वाढवायचा, त्याच्या सालीत टीसारखी चीर घ्यायची आणि तिच्यात संत्र्याचा डोळा भरून बांधायचा. संत्र्याचा डोळा परक्या मुळावर बसतो. माझ्या तोंडात खुंटही माझा आणि डोळाही माझा.

ग्राफ्ट आणि कलम या शब्दांचे मूळ शोधू लागलो आणि रात्रभर झोप आली नाही. इंग्रजी 'ग्राफ्ट' जुन्या फ्रेंचमधून आला, तो लॅटिन 'ग्राफिउम'वरून, आणि तो ग्रीकातला. अर्थ काय? लिहिण्याची टोकदार काडी. कलमाची काडी तशी दिसते म्हणून. आणि आपला कलम? अरबी-फारसी 'क़लम', ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू. पुन्हा लिहिण्याची काडी! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता झाडाच्या जोडकामाला लेखणीचे नाव दिले. बोरूचे टोक तिरके छाटतात तशी कलमाची काडी तिरकी छाटावी लागते, हे कारण असावे. फारसीत 'क़लम करदन' म्हणजे छाटणे. शिर कलम करण्यातला कलम तोच. पुढे बोरूने लिहिलेला कायद्याचा तुकडाही कलम झाला. फ्रेंचात 'ग्रेफ' म्हणजे कलमही आणि न्यायालयाच्या कारकुनाची कचेरीही, हे ज्याला कळेल तो माझ्यासारखाच खुर्चीतून उठून उभा राहील.

पण खरी गंमत पुढे आहे. फारसीत 'क़लमे पा' म्हणजे पायाचे नळीचे हाड. आणि सुश्रुताच्या पाच प्रकारांतला शेवटचा कोणता? नलक. नळ म्हणजे बोरूच, पोकळ गवत. त्यावरून लांब हाड ते नलक, आणि त्यावरून मटणातली नळी, जिच्यातली मज्जा ओढून खाण्यासाठी ताटावर पोरे ओरडतात. नडगीही याच घराण्यातली दिसते. एवढेच नाही. सुश्रुत हाड मोडण्याला 'काण्डभग्न' म्हणतो, त्याचे बारा प्रकार देतो, आणि सांधा निखळण्याला 'सन्धिमुक्त'. काण्ड म्हणजे गवताचे, उसाचे कांडे, आणि आपल्या बोटाचेही कांडे. मोडलेले हाड जुळावे म्हणून खेड्यात ज्या वेलीचा लेप बांधतात ती कांडवेल, तिचे संस्कृत नाव अस्थिशृंखला, कारण तिची चौकोनी कांडी साखळीसारखी जोडलेली असतात. हाड म्हणजे बोरू, ही कल्पना भारतात आणि इराणात स्वतंत्रपणे सुचलेली दिसते. बोरूतून लेखणी, लेखणीतून कलम, आणि आता कलम पुन्हा हाडाकडे. हे वर्तुळ मी जुळवलेले नाही. ते तिथे आधीपासून पडून होते.

स्वतःच्या शरीरातला भाग दुसरीकडे लावण्याची आपल्याकडची नोंद जुनी आहे. १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाचे चित्र छापले गेले. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले होते आणि पुण्याजवळ कपाळाचे कातडे खाली वळवून ते पुन्हा घडवले होते. सुश्रुत अशा कामाला 'सन्धान' म्हणतो, सांधणे. कलमापेक्षा सांधणे मला थोडे अपुरे वाटते. सांधलेले सांधलेलेच राहते, कलम वाढते.

आता राहिला 'संचय'. आजींना टोचलेला खरा शब्द तोच होता, कारण 'अस्थी' आणि 'संचय' शेजारी आले की विधी पुरा होतो. संचयात 'चि' धातू आहे, गोळा करणे. आमच्या वऱ्हाडात दसरा-दिवाळीला शेताशेतात एक दुसरे क्रियापद ऐकू येते: वेचणे. कापूस वेचाले जाणे. बोंडातून कापूस ओढायचा, पण पानाचा कचरा येऊ द्यायचा नाही, कवडी कापूस बाजूला ठेवायचा. हे नुसते गोळा करणे नाही, निवडून गोळा करणे आहे. 'वेचणे' हा 'वि' आणि 'चि' यांचा असावा. म्हणजे संचयाचाच चुलतभाऊ, फक्त तो शेतात राहिला. मला दुसरी शक्यताही नाकारता येत नाही: 'विच्' म्हणजे वेगळे करणे, ज्यातून विवेक आला. मग कापूस वेचणारी बाई विवेकाच्या घरातली ठरते. खर्च करणे या अर्थाचे वेचणे निराळे असावे, 'व्यय'कडचे. डॉक्टरही कापसासारखेच निवडून वेचतात. रक्ताची गुठळी बाजूला, मांसाचा धागा बाजूला, हाडाचा कण वाटीत.

संमतिपत्रातले वाक्य मी असे केले: 'दात रोवताना जबड्याच्या हाडात भोक पाडावे लागते. त्या वेळी निघणारा तुमच्याच हाडाचा चुरा आम्ही वेचून ठेवू आणि दाताभोवतीची उणी जागा त्यानेच भरू.' 'कलम' लिहायचा मोह मी आवरला. संमतिपत्र वाचणाऱ्याला कलम म्हटले की कोर्ट आठवेल. आजींना ते फोनवर वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "हां, मंग असं सांगा न बापा."

चार महिन्यांनी मी अकोल्याला गेलो. एक्स-रे काढला. तिने स्क्रूवर अवजाराच्या दांडीने हलकेच ठोकले. टणक, उंच आवाज आला. हाडाने स्क्रू धरून ठेवण्याच्या या घटनेसाठी ब्रोनेमार्क यांनी हाड आणि एकात्मता यांचा मोठा सामासिक शब्द घडवला होता. माझी विद्यार्थिनी एकच शब्द म्हणाली, "धरलं, सर." रोप मूळ धरते, लेकरू बाळसे धरते, संत्र्याचा मृग बहार धरतात. धातू 'धृ'. फारसीत त्याच मुळाचे 'दाश्तन' झाले, आणि त्यावरून 'दार', जमीनदारातला, ठाणेदारातला: धरून ठेवणारा. खुर्चीतून उतरताना मी तिला हे सांगायला लागलो, तर बाहेर पुढचे पेशंट बसले होते.